टक्क वाजतं, पण सेल्फ फिरत नाही

वाचकांचे प्रश्न : जुनी डिझेल पिकअप

या वेळची सगळी पत्रं एकाच दुखण्याची आहेत. किल्ली फिरवली आणि गाडी चालू झाली नाही. गाड्या साधारण १९९५ ते २००८ मधल्या, बारा व्होल्टच्या, कॉम्प्युटर नसलेल्या डिझेल पिकअप. अशा गाड्यांचं एक बरं असतं. बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरपर्यंतच्या वाटेवर जेमतेम सात-आठ सांधे असतात आणि प्रत्येक सांधा साध्या मल्टिमीटरने तपासता येतो. तरी बहुतेकांनी आधी बॅटरी बदलली आहे, मग सेल्फ भरून घेतला आहे आणि त्यानंतर पत्र लिहिलं आहे. मोजमाप कुणीच केलेलं नाही. म्हणून पहिलं उत्तर लांबलं आहे. पुढच्या उत्तरांत त्याचाच आधार घेतला आहे.

प्रश्न : २००४ची पिकअप आहे, टोमॅटोच्या भाड्यावर चालते. किल्ली मारली की ‘टक्क’ असा एकच दणदणीत आवाज येतो आणि पुढे काही नाही. पाच-सात वेळा मारल्यावर अचानक सेल्फ उचलतो आणि इंजिन झोकात फिरतं. बॅटरी आठ महिन्यांची आहे. सेल्फ दोनदा भरून घेतला. वायरमन आता नवा सेल्फ टाका म्हणतो. टाकू का?
— भाजी वाहतूकदार, नारायणगाव

उत्तर : एवढ्यात नको. निम्मं निदान तुमच्या पत्रातच आहे. आवाज एकच आहे, दणदणीत आहे आणि सेल्फ उचलला की जोमाने फिरतो. म्हणजे बॅटरीत दम आहे आणि मोटरही ठीक आहे. संशय सोलेनॉइडवर जातो.

सेल्फच्या पाठीवर बसलेला नळकांड्यासारखा डबा म्हणजे सोलेनॉइड. त्यात दोन कॉइल असतात, एक ओढणारी आणि एक धरून ठेवणारी. किल्लीकडून ५० नंबरच्या टर्मिनलवर वीज आली की आतला दांडा ओढला जातो. तो आधी फोर्कच्या मदतीने बेंडिक्सला, म्हणजे सेल्फच्या छोट्या दातेरी चाकाला, फ्लायव्हीलच्या दातेरी रिंगमध्ये ढकलतो आणि शेवटी तांब्याची एक चकती दोन जाड बोल्टांच्या डोक्यांवर आपटतो. तो आपटल्याचा आवाज म्हणजे तुमचा ‘टक्क’. चकती पोचली, पण तिच्यातून करंट गेला नाही. अडीच लिटरच्या आसपासच्या डिझेल इंजिनाला फिरवताना सेल्फ दोनशे ते चारशे अँपिअर ओढतो. एवढ्या करंटची ठिणगी रोज दहा-वीस वेळा पडते, त्यामुळे चकतीला आणि बोल्टांना खड्डे पडून काळा थर बसतो. पाच-सात वेळा आपटल्यावर चकती किंचित फिरते, चांगली जागा बोल्टाला लागते आणि गाडी उचलते.

सेल्फ दोनदा भरूनही फरक का पडला नाही, याचं कारणही इथेच आहे. ‘सेल्फ भरला’ म्हणजे बहुतेक ठिकाणी कार्बन (फिरत्या भागाला वीज देणारे ठोकळे) आणि बूश (त्या भागाचे आधार) बदलतात, आर्मेचरचा (मोटरच्या फिरत्या भागाचा) कम्युटेटर लेथवर साफ करतात. सोलेनॉइड कुणी उघडत नाही, तो बाहेरून पुसून परत बसतो.

तरी अंदाजावर पैसे घालू नका, मोजा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. इंजिन चालू होऊ नये म्हणून डिझेल पंपावरच्या, डिझेल बंद करणाऱ्या स्टॉप सोलेनॉइडची वायर काढून ठेवा. ओढायची स्टॉप केबल असेल तर ती कुणीतरी ओढून धरायची. मीटर डीसी २० व्होल्टवर. एकाने किल्ली मारायची, दुसऱ्याने आकडा वाचायचा. एका वेळी पाच सेकंदांच्या वर सेल्फ मारू नका आणि मध्ये अर्धा मिनिट जाऊ द्या.

आधी बॅटरीच्या शिशाच्या मुंड्यांवर टोकं लावा. क्लॅम्पवर नको, थेट मुंडीवर. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे आधी चार्जिंगला लावा. सेल्फ मारताना हाच आकडा १०च्या वर राहिला तर बॅटरी उत्तम. ९.६च्या खाली गेला तर आधी बॅटरीचा विचार करा, पुढचं मोजण्यात अर्थ नाही.

मग लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह मुंडीवर आणि काळं टोक सेल्फवरच्या केबलच्या जाड बोल्टावर, म्हणजे ३० नंबरवर. सेल्फ मारताना ०.३ व्होल्टपर्यंत ठीक. अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेलं तर केबल, तिचं थिंबल (टोकाची धातूची कडी) किंवा क्लॅम्प खराब. नंतर सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांच्या मध्ये मोजा. इथेही ०.३च्या आत हवं. शेवटी निगेटिव्ह मुंडीवरून सेल्फच्या अंगावर, रंग नसलेल्या जागी. तिथे ०.२ ते ०.३च्या वर नको.

तुमच्या गाडीत ‘टक्क’ होऊन काहीच फिरत नाही त्या क्षणी दोन जाड बोल्टांमध्ये जवळजवळ पूर्ण १२ व्होल्ट दिसायला हवेत. दिसले की गुन्हेगार सापडला. एक खुबी मात्र ध्यानात ठेवा. करंटच वाहत नसेल तेव्हा केबलवरचे आकडे शून्य येतात. ते केबल चांगली असल्याचं प्रमाणपत्र नव्हे. सेल्फ प्रत्यक्ष फिरत असतानाचेच केबलचे आकडे खरे धरा.

उभ्या गाडीवर ‘सेल्फपर्यंत १२.६ येतंय’ हे मोजमाप म्हणूनच फसवं आहे. मीटर स्वतः जवळजवळ काही ओढत नाही, त्यामुळे केबलची एकच तार शिल्लक असली तरी १२.६ पोचतात. तोच सांधा तीनशे अँपिअरला फक्त एक शतांश ओहम अडवत असेल तर तीन व्होल्ट तिथेच खाल्ले जातात आणि सेल्फला नऊ-साडेनऊ उरतात.

दुरुस्ती अशी. सेल्फ उतरवण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. सोलेनॉइडच्या मागची टोपी स्क्रूवर असेल तर तो उघडतो. टोपीला कॉइलची टोकं झाळलेली असतात, ती मोठ्या सोल्डरिंग लोखंडाने सोडवावी लागतात, खेचायची नाहीत. चकती उलटी बसवली की तिची न वापरलेली बाजू वर येते. बोल्ट अर्धा फेरा फिरवले की त्यांचीही नवी कड मिळते. चकती आधीच एकदा उलटवलेली असेल किंवा टोपी दाबून बंद केलेली असेल तर सोलेनॉइड नवा टाका. तो पूर्ण सेल्फपेक्षा बराच स्वस्त पडतो.

बोल्टांमध्ये १२ व्होल्ट न दिसता मोटरकडच्या बोल्टावर बॅटरीइतकाच व्होल्टेज येत असेल आणि सेल्फ तरीही मुका असेल, तर मात्र कार्बन अडकलेले किंवा अर्ध्याहून जास्त झिजलेले आहेत. तसं असेल तर ‘टक्क’ बहुधा मवाळ येतो किंवा येतच नाही, कारण ओढणाऱ्या कॉइलची अर्थ मोटरमधूनच जाते. तुमचा दणदणीत आवाज या शक्यतेच्या विरोधात आहे.

रस्त्यावर पेचकस घालून दोन जाड बोल्ट जोडण्याची पद्धत सर्रास आहे. त्याने मोटर फिरते, पण बेंडिक्स पुढे येत नाही. म्हणजे मोटर जिवंत आहे एवढंच कळतं, गाडी चालू होत नाही आणि बोल्टाचे आटे मात्र जळतात.

प्रश्न : मासळीच्या भाड्यावर पिकअप आहे. सेल्फ मारला की हळू फिरतो आणि ॲक्सिलरेटरची केबल हाताला चटका बसेल इतकी तापते. एकदा धूरही आला. केबलचा आणि सेल्फचा काय संबंध?
— मालवण

उत्तर : संबंध थेट आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि चासी यांच्यामध्ये तांब्याची विणलेली पट्टी दिलेली असते. ती तुटली किंवा तिच्या टोकांना कळंक चढला की सेल्फचा परतीचा करंट दुसरी वाट शोधतो. ॲक्सिलरेटरची केबल, क्लचची केबल, गिअरच्या दांड्या, इंजिनाला धातूने जोडलेलं जे सापडेल त्यातून तो जातो. बारीक स्टीलच्या तारेतून शंभरावर अँपिअर गेले तर ती तापणारच. अशीच चालवत राहिलात तर तिचं आवरण वितळून केबल आत अडकेल, आणि ॲक्सिलरेटर दाबलेल्या अवस्थेत अडकणं म्हणजे काय, ते सांगायला नको. ही दुरुस्ती उद्यावर टाकू नका.

खात्री दोन मिनिटांत होते. जंप केबलची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं टोक इंजिनाच्या उचलण्याच्या हुकावर लावा. सेल्फ झटक्यात फिरला तर आजार अर्थिंगचाच.

बर्फाचं खारं पाणी हौद्यातून चासीवर गळतं, त्यामुळे मासळीच्या गाड्यांत पट्टीची टोकं आधी जातात. नवी पट्टी किंवा ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल घ्या. थिंबल हातोडीने चेपून नव्हे, हायड्रॉलिक दाबयंत्रावर दाबून घ्या. जिथे बसवायचं तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरने काढून धातू चकचकीत करा, दातेरी वायसर घाला, बोल्ट आवळा आणि मग वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन माखा. आधी ग्रीस लावून मग आवळू नका. तुमच्यासारख्यांनी एक जास्तीची केबल बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट सेल्फच्या बोल्टाखाली न्यावी. चासीचे गंजके सांधे त्या वाटेतून बाद होतात.

केबलच्या जाडीत काटकसर नको. ३५ चौरस मिलिमीटरची दीड मीटर केबल तीनशे अँपिअरला पाव व्होल्टच्या आसपास खाते. बाजारात ‘जाड’ म्हणून गळ्यात मारतात ती बहुधा १६ची असते, तिच्यात अर्धा व्होल्ट जातो. वरचं रबर जाड आणि आत तांबं बारीक, असा माल भरपूर आहे. टोक सोलून बघूनच घ्या.

प्रश्न : गाडी तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. रोज चालवली तर काही त्रास नाही. बॅटरीवाला म्हणतो बॅटरी चांगली आहे.
— केळी वाहतूकदार, रावेर

उत्तर : बॅटरीवाला खरं बोलत असेल. एक तर कुठून तरी वीज गळते आहे, नाही तर बॅटरी पुरती भरतच नाही आणि रोजच्या धावण्यावर कशीबशी निभते. दोन्ही बघा.

गळतीसाठी किल्ली काढा, दारं लावा. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला. बॅटरीचा निगेटिव्ह क्लॅम्प काढा आणि मीटर क्लॅम्प व मुंडी यांच्या मध्ये जोडा. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, हेडलाइटही लावू नका, मीटरचा फ्यूज उडेल. या वयाच्या गाडीत ०.०५ अँपिअरपेक्षा जास्त दिसता कामा नये. अर्धा अँपिअर दिसला तर हिशेब करा. दिवसाला १२ अँपिअर-तास, तीन दिवसांत ३६. ऐंशी अँपिअर-तासांच्या बॅटरीतून जवळजवळ निम्मं गेलं. बॅटरी तीन वर्षांची असेल तर तिच्यात मुळात ऐंशी उरलेलेच नसतात.

मग एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडेल, त्या वाटेवर शोधा. नेहमीचे संशयित ठरलेले आहेत. किल्लीला वळसा घालून थेट बॅटरीवर जोडलेला टेप किंवा ॲम्प्लिफायर, जीपीएसचा डबा, मोबाईल चार्जर, दार लावूनही न विझणारा केबिनचा दिवा.

सगळे फ्यूज काढूनही आकडा हलत नसेल तर संशय अल्टरनेटरवर. आपल्याकडे त्याला अजून डायनामोच म्हणतात, म्हणा. त्याची जाड वायर बहुतेक गाड्यांत फ्यूजबॉक्समधून जात नाही. आतला एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळका झाला की बॅटरी रात्रभर त्यातून रिकामी होते. निगेटिव्ह पूर्ण सोडवून ठेवा, मगच अल्टरनेटरची जाड वायर काढा, तिला टेप गुंडाळा आणि पुन्हा मीटर जोडून बघा. आकडा कोसळला तर डायोड प्लेट बदला.

आता भरण्याची बाजू. इंजिन चालू, थोडा ॲक्सिलरेटर, बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. हेडलाइट लावल्यावर १३.५च्या आसपास टिकावेत. १२ च्या घरातच राहिले तर आधी पट्टा बघा, मग डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा. किल्ली लावली की तो पेटलाच पाहिजे, चालू झाल्यावर विझलाच पाहिजे. बऱ्याच जुन्या अल्टरनेटरना पहिली चेतना त्या बल्बमधूनच मिळते. बल्ब उडाला की चार्जिंग सुरूच होत नाही किंवा इंजिन खूप रेस केल्यावर होतं. हौसेने तिथे एलईडी बसवलेल्या गाड्यांतही हेच घडतं, कारण एलईडी फारच कमी करंट जाऊ देतो. दोन-तीन वॉटचा साधा बल्ब परत घाला.

प्रश्न : पहाटे अर्ध्या फेरीत चालू होते. दुपारी माल उतरवून दहा मिनिटांनी सेल्फ मारला की रडत-रडत फिरतो. तासभर थांबलं की पुन्हा ठीक.
— बार्शी

उत्तर : सेल्फ सायलेन्सरच्या पाइपाशेजारी असेल तर इंजिन बंद केल्यावर तो आणखी तापतो, कारण हवा थांबते आणि पाइपाची धग तिथेच कोंडते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. तीस अंशांवरचा सेल्फ शंभर अंशांवर गेला की तारांचा अडथळा पाव हिश्श्याहून जास्त वाढलेला असतो. निरोगी सेल्फ एवढं सोसतो. तुमचा सोसत नाही, म्हणजे त्यात आधीपासून काहीतरी आहे आणि उन्हाळा ते उघडं पाडतो.

इथे डीसी क्लॅम्प मीटर असलेला वायरमन गाठा. घरातल्या विजेसाठीचा, फक्त एसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर चालत नाही. सेल्फच्या केबलभोवती क्लॅम्प लावून गरम अवस्थेत मोजायचं. हळू फिरतो आणि करंट नेहमीपेक्षा जास्त, तर सेल्फमध्येच घासतंय. बूश झिजून आर्मेचर फील्डच्या पोलला टेकतं किंवा वाइंडिंग शॉर्ट आहे. सेल्फ उघडल्यावर आर्मेचरच्या अंगावर चकाकणारे ओरखडे दिसतील. हळू फिरतो आणि करंट कमी, तर वाटेत अडथळा आहे. नारायणगावच्या उत्तरातली मोजमापं गरम गाडीवर करा, सांधा सापडेल.

बूश बदलताना नुसते ठोकून बसवू नका. सच्छिद्र पितळी बूश काही तास इंजिन ऑइलमध्ये भिजवून मग बसवतात. आणि पाइप व सेल्फ यांच्या मधला पत्रा जागेवर आहे का बघा. सेल्फ काढताना तो अडचण करतो, म्हणून एखाद्या कारागिराने काढून फेकलेला असतो.

प्रश्न : कधी किल्ली मारली की आवाजच नाही. दिवे प्रखर, हॉर्न ठणठणीत. दहा वेळा किल्ली मागे-पुढे केली की एकदा लागतो.
— इंदूरहून एक मराठी वाचक

उत्तर : बॅटरीच्या केबलची जाड वाट सोडा, किल्लीपासून सोलेनॉइडपर्यंतची तुमची बारीक वाट बिघडली आहे. सोलेनॉइडच्या ५० नंबरवर मीटर लावा, काळं टोक सेल्फच्या अंगावर. किल्ली मारताना तिथे साधारण दहा व्होल्ट हवेत. सात-आठच येत असतील तर इग्निशन स्विचचे संपर्क जळलेत. ओढणारी कॉइल त्या क्षणी तीस-चाळीस अँपिअर घेते आणि हा सगळा भार जुन्या गाड्यांत किल्लीच्या इवल्याशा पितळी टिकल्यांवर पडतो.

स्विच बदला, आणि गाडीत मुळात स्टार्टर रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नसेल तर ४० अँपिअरचा चार पायांचा रिले बसवा. ३० नंबरचा पाय बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, बॅटरीजवळ ४० अँपिअरचा फ्यूज घालून. ८७ सोलेनॉइडच्या ५० वर. या दोन वायरी ४ चौरस मिलिमीटरच्या. किल्लीची जुनी स्टार्ट वायर आता ८६ वर आणि ८५ बॉडीला अर्थ. स्विचवरचा भार पाव अँपिअरपेक्षा कमी होतो. रिले पायांची बाजू खाली ठेवून बसवा, म्हणजे पाणी साचत नाही.

जाता जाता, ‘कट-कट-कट-कट’ अशी मशीनगन वाजते त्यांच्यासाठी. बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते किंवा क्लॅम्प सैल. बॅटरी भरलेली आणि क्लॅम्प घट्ट असूनही वाजत असेल तर सोलेनॉइडची धरून ठेवणारी कॉइल तुटलेली आहे. चकती लागताच ओढणारी कॉइल आपोआप निष्प्रभ होते, दांडा धरायला कुणी नसतं, तो मागे येतो आणि पुन्हा ओढला जातो.

प्रश्न : बॅटरी पार मेली होती. उतारावर धक्का देऊन पाहिला, इंजिन फिरलं, पण चालू झालं नाही. एरवी धक्क्यावर लगेच होते.
— सत्तरी, गोवा

उत्तर : रोटरी प्रकारच्या डिझेल पंपावर विजेचा स्टॉप सोलेनॉइड असतो. किल्ली लावली की तो उघडतो, वीज नसली की डिझेल बंद. बॅटरी थोडी जरी जिवंत असेल तर तो उघडा राहतो, पार मेली की नाही. किल्ली लावताना पंपापाशी ‘टिक’ ऐकू येतं का बघा. येत नसेल तर बाहेरच्या चांगल्या बॅटरीची पॉझिटिव्ह त्याच्या टर्मिनलवर आणि निगेटिव्ह इंजिनाला जोडा, मग धक्का द्या. दुसऱ्या गिअरवर द्या, पहिल्यावर चाकं घसटतात. काही जण त्यातला दांडाच काढून टाकतात. मग किल्लीने इंजिन बंद होत नाही, गिअरमध्ये घालून मारावं लागतं. तेवढं टाळा.

प्रश्न : थंडीत पहाटे सेल्फ जोरात फिरतो, पांढरा धूर येतो, पण इंजिन पकडत नाही. वर्कर पेटता बोळा हवेच्या नळीला लावतो.
— द्राक्ष बागायतदार, निफाड

उत्तर : पांढरा धूर आणि डिझेलचा वास म्हणजे डिझेल येतंय, पेटत नाही. तुमच्या इंजिनाला हीटर प्लग (सिलिंडर आधी तापवणारे) असतील तर बिघाड तिथे आहे. निफाडात पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा असं इंजिन त्यांच्याशिवाय कुरकुरतंच.

चारही प्लगांवरची पट्टी काढा. टेस्ट लॅम्पची एक वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी प्लगच्या टोकावर. दिवा लागला तर प्लग शाबूत, नाही लागला तर तुटलेला. मीटरने मोजायचं तर थंड प्लगचा रोध एक-दोन ओहमच्या आतबाहेर येतो. मीटरच्या वायरींचाच त्यात थोडा असतो, तो वजा करा. चारही ठीक असतील तर किल्ली हीटरवर ठेवून पट्टीवर व्होल्टेज बघा. नसेल तर रिले किंवा जाड फ्यूज. एक गेला तर पहिले काही सेकंद इंजिन तीन सिलिंडरवर हेंदकाळतं, दोन गेले तर तुमच्यासारखी गत. प्लग गरम इंजिनावर काढा. थंडीत जोर लावला तर तो हेडमध्येच तुटतो आणि मग हेड उतरवावं लागतं.

पेटत्या बोळ्याने एअर फिल्टर जळतो. त्याहून वाईट म्हणजे स्टार्टिंग स्प्रे. हीटर प्लग तापलेले असताना ईथरचा स्प्रे मारला तर तो नळीतच भडकतो, पिस्टनची रिंगही तुटू शकते.

प्रश्न : ट्रकच्या २४ व्होल्टवरून पिकअप चालू करावी का? ड्रायव्हर म्हणतात एकदम उचलते.
— कराड

उत्तर : उचलते, आणि बरोबर रेग्युलेटर, बल्ब, हीटर प्लग घेऊन जाते. ट्रकमध्ये बाराच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. अगदीच नाइलाज असेल तर ट्रकचं इंजिन बंद ठेवून, ज्या बॅटरीची निगेटिव्ह ट्रकच्या बॉडीला जोडलेली आहे तेवढ्या एकीवरूनच घ्या. दोन्ही गाड्यांचे पत्रे एकमेकांना टेकू देऊ नका. आधी पॉझिटिव्ह ते पॉझिटिव्ह. शेवटची निगेटिव्ह तुमच्या बॅटरीवर नको, इंजिनाच्या हुकावर लावा, कारण ठिणगी तिथेच पडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. चालू झाली की केबली उलट क्रमाने काढा. मात्र इंजिन चालू असताना स्वतःच्या बॅटरीची मुंडी काढून ‘डायनामो बघतो’ म्हणणाऱ्याला बॉनेटपासून लांब ठेवा. बॅटरी सुटली की व्होल्टेजची उसळी येते आणि बघता बघता डायोड जातात.